न हलणाऱ्या हाताची तालीम

३ जून २०२५, मंगळवार. सातारा

दुपारी एक पोरगा कुबड्या टेकत माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आला. घोट्याजवळचं हाड मोडलंय, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात सराव करत होता. यंदा मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि निसरड्या कडेवर पाय गेला. सहा आठवडे पाय टेकायचा नाही, असं हाडाच्या डॉक्टरांनी बजावलंय.

"मॅडम, तोवर मी नुसता पडून राहू?"

बोटं हलवणं, मांडी आवळून धरणं, धडधाकट पायाचे व्यायाम, हे सगळं शिकवलं. मग विचारलं, घाट पाठ आहे का? पोराचा चेहरा खुलला. समर्थ मंदिर मागं पडल्यापासून वळण न वळण सांगायला लागला. कुठं चढ अंगावर येतो, कुठं दरीकडून वारा लागतो, कुठं खाली अख्खा सातारा दिसतो. म्हटलं, डोळे मीट आणि धाव. घड्याळ लावलं. चार-पाच मिनिटांत डोळे उघडून म्हणाला, पोचलो. एवढ्या वेळात कुणी मोटरसायकलवरूनही वर जात नाही. त्यानं रस्ता बघितला होता, पाय उचलले नव्हते.

पुन्हा बसवलं. आता फक्त पहिलं वळण. पाऊल पडताना टाच कुठं टेकते, पोटरी कुठं ताणते, श्वास किती पावलांनी घेतोस, ते आतून जाणवलं पाहिजे. बघायचं नाही, करायचं. या खेपेला त्याच्या मनगटावर मी बोटं ठेवली होती. अर्ध्या मिनिटात नाडी चढली. कपाळावर आठी, नाकपुड्या फुललेल्या, आणि प्लास्टरमधला पाय जागचा हललेला नाही.

यात जादू काही नाही. १९९१ साली फ्रान्समध्ये झां देसेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना ताशी ५, ८ आणि १२ किलोमीटर वेगानं चालण्या-धावण्याची नुसती कल्पना करायला लावली होती. मनातला वेग वाढला तसे हृदयाचे ठोके आणि श्वास वाढत गेले. मनात १२च्या वेगानं धावणाऱ्याचं शरीर प्रत्यक्ष ५च्या वेगानं चालणाऱ्याइतकं तापलेलं होतं. मेंदू हालचालीचा बेत आखतो तेव्हाच हृदयाला आणि फुप्फुसांना वर्दी देऊन ठेवतो. पाय खरंच निघणार आहेत की नाही, याची ती वर्दी वाट बघत बसत नाही.

पोराला रोज दोन वेळा, एकेका वळणाचा घाट दिलाय. जाताना म्हणाला, "म्हणजे पॉझिटिव्ह थिंकिंग." मी स्पष्ट नाही म्हटलं. मी बरा होणार, मी पहिला येणार, असं मनाशी घोकण्याचा याच्याशी संबंध नाही. हा व्यायाम आहे आणि नीट केला तर दमवतो.

६ जून, शुक्रवार. सांगलीच्या वाटेवर

आत्याला बघायला निघालेय. कराड गेलं, पेठ नाक्यावर एसटी डावीकडं वळली. या नाक्यावरून जाताना मला दरवेळी मुरलीकांत पेटकर आठवतात. पेठ हे त्यांचं गाव. सैन्यात बॉक्सिंग करणारा जवान, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

त्यांची गोष्ट सांगताना लोक 'इच्छाशक्ती' म्हणून मोकळे होतात. मला ते फार खटकतं. इच्छा तर माझ्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला असते. पेटकरांनी पाण्यात हात मारले, पुन्हा पुन्हा मारले. ज्या मेंदूला ठोसा मारायची सवय होती, त्याच मेंदूनं त्याच खांद्यांना नवं काम शिकवलं. तो घाम 'इच्छाशक्ती' या एका शब्दात गुंडाळून टाकू नये. मनातल्या हालचालीचं महत्त्व मी जिथंतिथं सांगते, म्हणून तर हे सांभाळावं लागतं. ती कष्टाला जोड आहे. कष्ट चुकवायची पळवाट म्हणून कुणी तिच्याकडं येऊ नये.

७ जून, शनिवार. सांगली

आत्याला मार्चमध्ये पॅरालिसिसचा झटका आला. देवाची कृपा म्हणजे बोलणं शाबूत आहे आणि काठी धरून मोरीपर्यंत जाते. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो, बोटं आत वळलेली. मनगट किंचित उचलतं, तेवढंच. तिच्या फिजिओ मॅडम आठवड्यातून तीनदा घरी येतात. मुलगी चांगली आहे, मन लावून करते. तिच्याशी बोलूनच मी आज हा प्रयोग लावला.

"आत्या, भाकरी थापायची."

"कशानं? या हातानं?"

"त्याच. पण मनात."

डोळे मिटून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "सूनबाई थापताना दिसायल्यात." अगदी बरोबर. झटका आल्यापासून ती सुनेलाच बघत आलीये. आपण दाराशी उभं राहून दुसऱ्याला बघावं, तसं चित्र तिच्या डोळ्यांपुढं आलं. मला हवी होती ती तिच्या स्वतःच्या हातातली भाकरी.

म्हणून उठले, परात आणली, तिच्या मांडीवर ठेवली. ज्वारीचं पीठ ओतलं आणि तिचा उजवा हात त्या पिठात अलगद टेकवला. ब्रिटनमधल्या होम्स आणि कॉलिन्स या दोघांनी २००१ साली खेळाडूंसाठी लिहून ठेवलंय, की मनातला सराव खाटेवर आडवं पडून करू नये. त्याच कपड्यात, त्याच पवित्र्यात, जमलं तर हातात तेच साधन घेऊन करावा. बॅट, रॅकेट, बूट त्यांच्या डोळ्यांपुढं असतील. इथं परात.

आणि मग काय सांगू! आत्याचा चेहराच पालटला.

"आधण आलं नाही अजून," मलाच दरडावलं. मग गप्प. मग, "हं, आता मळते." तळहाताच्या टाचेनं पीठ रेटायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा रेटायचं. तिच्या खांद्याला जरा हेलकावा आला. कोरडं पीठ भुरभुरलं असणार, कारण डाव्या हाताची चिमूट आपसूक हलली. मग थापणं. मी तिच्या डाव्या हाताकडं बघत राहिले. तो कडेला नुसता सांभाळायला असल्यासारखा, आणि मनातला उजवा परातीत गोल गोल भाकरी फिरवतोय. बराच वेळ गेला. "उचलू?" तिनं विचारलं. "उचल." "तव्यावर टाकली. आता पाणी फिरवते." इथं तिच्या आत वळलेल्या बोटांतलं मधलं बोट जरासं सुटलं. मी स्वतः बघितलं. तेवढ्यावर मी उड्या मारणार नाही, अशी बोटं अधूनमधून सुटतात. पण मला आनंद झाला, तो लिहून ठेवते.

दमली. कपाळ पुसून म्हणाली, "हे मला येतंय की गं. मानसपूजा करते ना मी."

मला सुचलंच नव्हतं! हात गेल्यापासून आत्या देवाची पूजा मनातच करते. ताम्हन घ्यायचं, मूर्ती उचलून त्यात ठेवायची, पाणी घालायचं, पुसायचं, गंध उगाळायचं, एकेक फूल वाहायचं. सज्जनगडाच्या सावलीत वाढलेल्या आम्हा सातारकरांना समर्थ संप्रदायातली मानसपूजा ऐकून माहीत असते, पण मी तिच्याकडं कधी फिजिओच्या नजरेनं बघितलं नव्हतं. आत्याला विचारलं, मनात भराभर उरकून नाही का होत? ती रागावलीच. "अभिषेकाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. गडबड केली तर ती पूजा कसली?" घाटातल्या त्या पोराला मी जे अर्धा तास समजावत होते, ते ही बाई रोज सकाळी पाळते.

८ जून, रविवार. सांगली

सकाळी घड्याळ घेऊन बसलो. अंगठा चारही बोटांना ओळीनं टेकवायचा, ठरावीक फेऱ्या. डाव्या हातानं प्रत्यक्ष, मग डाव्यानंच मनात. दोन्हींना जवळपास सारखा वेळ लागला. मग उजव्या हातानं मनात. लक्षात येण्याजोगा उशीर. आत्या म्हणाली, "जड झालाय, हलवाय लागतोय."

हे मनाचे खेळ नाहीत. १९९०च्या सुमारास देसेती आणि ब्वासों यांनी लकव्याच्या रुग्णांत हेच नोंदवलं होतं, दुबळ्या बाजूची मनातली हालचालही मंद होते. हात लुळा पडला तरी त्याची मनातली हालचाल खरीच राहते, इतकी खरी की तिला जडपणासुद्धा कळतो. उलट, मेंदूच्या बाजूच्या वरच्या भागाला, ज्याला पार्श्वखंड म्हणतात, इजा झाली तर मनातला वेळ आणि प्रत्यक्षातला वेळ यांची सांगडच सुटते. १९९६ साली अँजेला सिरिगु यांनी असे रुग्ण दाखवले. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, की कुणालाही हा व्यायाम देण्याआधी पाच मिनिटं घड्याळ लावा. ज्याच्या मनातलं घड्याळ चालतंय त्याला द्या. नाही त्याला दुसऱ्या वाटेनं न्या.

आत्याचा नातू मिरजेला पेटी शिकायला जातो. तो शेजारी बसून हे बघत होता. त्याला पास्कुआल-लिओने यांचा १९९५चा प्रयोग सांगितला. पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांची एक सुरावट दिली, रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी ती वाजवली, काहींनी पियानोपुढं बसून फक्त मनात वाजवली. मेंदूतल्या बोटांच्या जागेचा नकाशा दोन्ही गटांत सारखाच पसरला. बोटांची सफाई मात्र वाजवणाऱ्यांत जास्त होती. पण मनात वाजवणाऱ्यांना नंतर एकदाच दोन तास प्रत्यक्ष सराव दिला, तर ते पाच दिवस वाजवणाऱ्यांच्या बरोबरीला आले. पोरगं हुशार. लगेच म्हणालं, "म्हणजे परीक्षेच्या आधी एसटीत बसून पण अलंकार करता येतील." येतील बाबा. कर.

११ जून, बुधवार. सातारा

रात्री जुनी टिपणं काढली. या विषयात मला ओढलं ते ग्वांग युए आणि केली कोल यांच्या १९९२च्या प्रयोगानं. करंगळी बाजूला ताणायची, एवढीच हालचाल. चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. ज्यांनी खरंच ताणली त्यांची ताकद ३० टक्क्यांनी वाढली. ज्यांनी मनात ताणली त्यांची २२ टक्क्यांनी. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची जेमतेम ४ टक्के. पुढं २००४ मध्ये क्लीव्हलंडला रंगनाथन, युए आणि मंडळींनी बारा आठवड्यांचा प्रयोग केला. मनातल्या व्यायामानं करंगळी ३५ टक्के आणि कोपराचा जोर साडेतेरा टक्के वाढला. कोपराचा आकडा लहान का? रोज बादली उचलणारा कोपर मेंदूला आधीच पाठ असतो. करंगळी बाजूला ताणायची वेळ जन्मात कितीदा येते! जिथं मेंदूचं शिकणं बाकी आहे तिथं मनातला सराव जास्त फळतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

यात स्नायू जाड होत नाही. व्यायामशाळेत नवा पोरगा जातो तेव्हा पहिले काही आठवडे दंड फुगत नाही, तरी वजन जास्त उचलायला लागतो. त्या काळात वाढतो तो मेंदूचा हुकूम: एका वेळी किती तंतू कामाला लावायचे, किती जलद आणि किती एकजुटीनं. मनातल्या व्यायामात हाच हुकूम घोटला जातो. हालचालीचा बेत आखणारे मेंदूचे पुढचे भाग, पार्श्वखंड, लहान मेंदू, सगळे बऱ्याच अंशी तसेच कामाला लागतात. फक्त शेवटी स्नायूपर्यंत जाणारा हुकूम वाटेत अडवून धरला जातो. डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून मेंदूला टिचकी मारली, तर ज्या स्नायूची कल्पना चाललीय तोच स्नायू एरवीपेक्षा मोठं उत्तर देतो. शेजारचा देत नाही. इतकं ते नेमकं असतं, म्हणून तर मी "हात हलतोय अशी कल्पना करा" असं मोघम कधीच सांगत नाही.

१४ जून, शनिवार. सातारा

धनुष्य ओढून खांदा धरलेली एक मुलगी आली, आईबरोबर. साताऱ्यात आता हे रुग्ण नेहमीचे. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आदिती स्वामी १७ वर्षांची असताना जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराविरुद्ध १४९ विरुद्ध १४७. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० करून पुरुषांचा जगज्जेता. दोघंही इथल्याच प्रवीण सावंतांच्या हाताखाली घडलेले. तेव्हापासून आसपासच्या गावांतून आईबाप पोरांना धनुष्य घेऊन आणतात. आधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होताच.

खांद्याला विश्रांती हवी म्हटल्यावर मुलगी रडकुंडीला आली. स्पर्धा जवळ आलीये. तिला म्हटलं, बाण सोडायचे नाहीत असं मी म्हटलेलं नाही, धनुष्य ओढायचं नाही म्हटलंय. कंपाउंड धनुष्याचा सामना पंधरा बाणांचा. ५० मीटरवर ८ सेंटिमीटरचं दहाचं वर्तुळ. एका बाणाला २० सेकंद. तिला दवाखान्याच्या गच्चीवर नेलं, बूट घालून पवित्र्यात उभं केलं. पट्टा, चेस्ट गार्ड सगळं अंगावर. मी सेकंद मोजले. पाय रोवणं, बाण लावणं, खांदा खाली, ओढ, गालावर टेक, श्वास अर्धा सोडून थांबणं, पाठीनं ताण, सुटका. सुटल्यावर हात तिथंच ठेवून बाण लागेपर्यंत बघणं.

सहाव्या बाणाला डोळे उघडले. "डावीकडं गेला."

मनातला बाणसुद्धा चुकला! तिला का विचारलं तर म्हणाली, सुटताना मनगट आवळलं. तिच्या कोचनंही तिला हीच खोड सांगितलीय, आईनं लगेच दुजोरा दिला. मला हे फार मोलाचं वाटतं. दुखावलेल्या खांद्यावर एक किलोचाही भार न पडता ती स्वतःची चूक पकडत होती. पण धोका तिथंच आहे. चुकीचा बाण मनात दहादा सोडला तर चूकच घोटली जाईल. म्हणून तिला ताकीद दिली, की चुकल्यावर थांबायचं, तोच बाण सावकाश नीट सोडायचा, मग पुढचा. आणि संख्या वाढवायची नाही. मन शिणलं की नुसतं चित्र फिरतं, शरीर त्यात राहत नाही.

१९ जून, गुरुवार. सातारा

आज सकाळचा रुग्ण मनातून जात नाही. वाळवा तालुक्यातला, गुऱ्हाळावर काम करायचा. ऊस सारताना चरकात हात गेला, कोपराखाली काढावा लागला. त्याला दोन वर्षं होत आली. नसलेली मूठ अजून घट्ट वळलेली आहे आणि नखं तळव्यात रुततात, असं तो सांगतो. घरचे म्हणतात मनाचे खेळ. डोळ्यांत पाणी आणून मला विचारत होता, "मॅडम, तुम्ही तरी खरं मानताय ना?"

मानते. मेंदूत त्या हाताची जागा अजून आहे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात अशा रुग्णांसाठी आरशाची पेटी वापरली. चांगला हात आरशापुढं हलवायचा, आरशात दिसतो तो गेलेला हात. मूठ उघडताना दिसते आणि काहींना ती खरंच सुटल्यासारखी वाटते. सगळ्यांना नाही.

मी त्याला आज आरसा दिला नाही. मनातही मूठ उघडायला लावली नाही. लॉरिमर मोझली यांनी २००८ मध्ये दाखवलंय, की हाताच्या जुनाट दुखण्यात नुसत्या हालचालीच्या कल्पनेनं दुखणं वाढतं, सूजसुद्धा वाढते. इतरांच्या बाबतीत मी ज्या शक्तीचं कौतुक करते, तीच इथं उलटू शकते. म्हणून त्यांची पायरी-पायरीची पद्धत धरलीय. आधी हातांचे फोटो दाखवायचे, डावा की उजवा एवढंच ओळखायचं. ओळखताना मेंदू आपला हात गुपचूप फिरवून बघतो, पण इतका हळू की दुखण्याला जाग येत नाही. मग मनातली हालचाल. आरसा शेवटी. त्याच्या मुलीला मोबाइलवर घरातल्यांच्या हातांचे फोटो काढायला सांगितलंय, वाकडे, उलटे, विळा धरलेले, भांडं धरलेले. ती पाचवीत आहे. तिला हे काम आवडलेलं दिसलं.

२२ जून, रविवार. सांगली

काल योगदिन झाला. औंधचे एक निवृत्त शिक्षक खुब्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडं येतात. त्यांनी फोनवर सांगितलं, की सूर्यनमस्कार घातले, खाटेच्या कडेवर बसून, मनात, मंत्रांसकट. औंधच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार रुजवले होते. मंत्र म्हटला की वेग आपोआप खरा राहतो, हे मी बाकीच्यांनाही सांगून बघणार आहे.

आत्याच्या शेजारी एक जुने पैलवान राहतात. संध्याकाळी कट्ट्यावर बसून मोबाइलवर कुस्त्या बघत होते. मी त्यांच्या अंगाकडं बघत राहिले. पडद्यावरच्या मल्लानं पट काढायला झेप घेतली की यांची मान खाली, उजवा खांदा पुढं. शेजारचा कॉलेजातला मुलगा तीच कुस्ती बघत होता, तो नुसता ओरडत होता. पैलवान काकांना विचारलं, "तुम्हाला काय होतं हो बघताना?" म्हणाले, "बाई, मांड्या भरून येत्यात. झोप लागत नाही त्या रात्री."

२००५ साली लंडनमध्ये बॅले नर्तकांना आणि ब्राझीलची कापोएरा खेळणाऱ्यांना दोन्ही नाच दाखवले. ज्याला जो नाच अंगानं येत होता, तो बघताना त्याचा मेंदू जास्त पेटला. बघून बघून माहीत असणं आणि करून माहीत असणं यांत मेंदू फरक करतो. म्हणून आत्याला मी योगासनं किंवा पुस्तकातल्या हालचाली दिल्या नाहीत, भाकरी दिली. साठ वर्षं तिच्या हातातून गेलेली गोष्ट.

२७ जून, शुक्रवार. सातारा

माउलींची पालखी जिल्ह्यात. लोणंद-फलटणकडचे रुग्ण आले नाहीत, येणारही नव्हते. एका आजोबांचा निरोप आला, की गुडघ्यांमुळं यंदा वारी चुकली, मनातून चालायलोय. किती मिनिटं चालताय विचारलं तर नातवानं सांगितलं, दिवसभर!

५ जुलै, शनिवार. सांगली

आत्याची पकड मोजली. मार्चअखेर यंत्राचा काटा हलत नव्हता, आज हलतो. अंगठा तर्जनीपर्यंत येतो, चिमटीत कापसाचा बोळा धरता येतो, कागद नाही. हे मनातल्या भाकरीनं झालं, असं मी लिहिणार नाही. झटक्यानंतर पहिले काही महिने मेंदू आपणहून सावरत असतो, शिवाय मॅडमचे व्यायाम रोज चालू आहेत. २०२०च्या कॉक्रन आढाव्यात २५ अभ्यास आणि ६७६ रुग्ण एकत्र घेतले होते. त्यांचा निष्कर्ष असा, की नेहमीच्या उपचारांना मनातल्या सरावाची जोड दिली तर लकव्याच्या रुग्णाचा हात कामाला जास्त येण्याची शक्यता आहे. जोड दिली तर. मला एवढं पुरेसं आहे. या व्यायामाला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि फिजिओ निघून गेल्यावरचे दिवसाचे तास रिकामे जात नाहीत.

लकव्याच्या रुग्णाचे ते तास मी खूप घरांत बघितलेत. टीव्ही समोर, हात मांडीवर, आणि कुणीतरी येऊन म्हणतं, आराम करा. हे मला सहन होत नाही. आपल्याकडं खेडोपाडी फिजिओ पोचत नाही, पोचला तर आठवड्यातून एकदा. अशा घरी पहिल्याच दिवशी हा व्यायाम शिकवून यायला हवा. फार तर वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, हातानं आयुष्यभर केलेलं एकच काम. मशीनवर शिवणाऱ्याला शिलाई, धार काढणाऱ्याला धार. घरातल्या एकानं शेजारी बसून विचारायचं, आता काय करताय, कुठवर आलात. आत्याची सून हे इतकं छान करते, की मी तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घेतलंय. इतर घरांना ऐकवीन म्हणते. "आई, पीठ सैल झालं का?" असं ती विचारते आणि आत्या तिला खरंच उत्तर देते.

आज आत्यानं नवा हट्ट धरला. तिला परातीत खरं पीठ मळायचंय. डाव्या हातानं उजव्याच्या मनगटाला धरून. मी मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, करू द्या, पण आधी मनात, मग प्रत्यक्ष, मग पुन्हा मनात. तसं केलं. पीठ सगळीकडं सांडलं.

१५ जुलै, मंगळवार. सातारा

पोराचं प्लास्टर निघालं. पोटरी बारीक झालीय. टेपनं मोजल्यावर त्याचा चेहरा पडला. "मॅडम, मी तर रोज धावत होतो."

त्याला सगळं खरं सांगितलं. मनातल्या धावण्यानं स्नायूची जाडी राखली जात नाही. ब्रायन क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निरोगी माणसांचं मनगट चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं. नुसतं ठेवलेल्यांची ताकद ४५ टक्क्यांनी गेली. आठवड्यातून पाच दिवस मनात मनगट आवळणाऱ्यांची २४ टक्क्यांनी. गेली दोघांचीही. पण निम्मी नुकसानी वाचली, आणि जे वाचलं ते मेंदूकडून स्नायूकडं जाणाऱ्या हुकुमाचं बळ होतं. पोटरी व्यायामानं भरेल. हुकूम विसरलेला पाय मात्र आधी टेकायलाच घाबरतो.

त्याला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. बऱ्याच जणांचा पाय पहिल्यांदा टेकताना लाकडासारखा येतो, बोटं वर, टाच हवेत. यानं टाच टेकली, मग चवडा, मग अंगठ्यावरून सुटका. दुखत होतं, ओठ चावत होता, पण क्रम चुकला नाही. दांड्यांच्या टोकाला पोचल्यावर वळताना थांबला आणि म्हणाला, इथं चढ नाही म्हणून सोपं जातंय.

सप्टेंबरची शर्यत नाही, हे त्याला ठणकावून सांगितलं. हाडाला अजून वेळ हवा. वाद घातला, मग ऐकलं. आता रोज पाण्याच्या टबात घोटा फिरवायचा, भिंतीला धरून टाचा उचलायच्या, आणि घाट चालूच ठेवायचा. फक्त या आठवड्यापासून उतरायचंसुद्धा. आजवर तो मनात नुसता चढतच होता. उतरताना पोटरीवर आणि घोट्यावर वेगळाच ताण येतो, आणि त्याचा पाय मोडला तो उतरतानाच. त्या वळणाशी आला की मनातही आवळून घेतो, असं त्यानं आपणहून सांगितलं. उद्यापासून तेच वळण घ्यायचंय, कोरड्या रस्त्यावर, छोट्या पावलांनी. साडेपाचला बोलावलंय.